छाट

चौथीच्या बाकात गुडघे मावत नाहीत.
दाजी पेठेतली शाळा, संध्याकाळचे सात,
आम्ही नऊ जण.
फळ्यावर सतराचा पाढा साताशीच थांबलेला.
पंखा एकच, तोही शकीलच्या डोक्यावर.
गुरुसिद्ध म्हणतो, तुझं नशीबच तसं बे.

मग एकेकानं उभं राहायचं.
नाव सांगायचं. दिवस सांगायचे.

मी श्रीहरी.
दिवस एक्केचाळीस.

(त्याआधी दोनशे चौदा होते.
ते मी सांगत नाही,
सगळ्यांना पाठ आहेत.)

काय काय प्यालो ते पहिल्याच दिवशी सांगून झालंय:
मालकाचे तीन डझन टॉवेल,
आईच्या कानातले,
मानसाची विडी कामगार शिष्यवृत्ती, सातवीची,
सकाळी खात्यात आली, दुपारी संपली.
सोडल्यावर पहिला आठवडा
हात असे हलायचे की
कारखाना बंद, लाइट गेलेली,
तरी मला वाटायचं माग चालूच आहे.

आणि गड्ड्याच्या जत्रेतलं ते.
कारण विचारू नका.
कारण असतं तर बरं झालं असतं,
त्याच्यावर तरी ओरडलो असतो.
मानसा पाळण्यातून खाली बघून हसत होती,
भूदेवीनं नवी साडी नेसली होती,
खिशात माझ्याच मजुरीचे पैसे होते.
दुःखात कसं राहायचं ते इथे शिकलो.
इतकं चांगलं वाटल्यावर काय करायचं,
ते कुणी शिकवलं नव्हतं.
म्हटलं, भेळ घेऊन येतो.
पहाटे आलो.
भेळ नव्हती.

घरी दाराच्या मागे खडूनं आकडे आहेत.
सकाळी मी ओलं फडकं घेऊन उभा राहिलो,
दोनशे चौदा पुसायला.
भूदेवी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती.
मान वर न करता म्हणाली,
हजारातल्या चाळीस छाटतो चेकर.
उरलेल्या नऊशे साठ
काय गटारीत टाकतो का?

खाली लिही, म्हणाली. जागा आहे.

मी एक लिहिला.
तिनं मला माफ केलं असं कुणी समजू नये.
त्या दिवशी ती बोलली ती एवढंच.
मजुरी अजून तिच्याच हातात जाते,
मालक तिला फोन करून सांगतो किती दिली.
मी उशिरा आलो की ती दारात येते
आणि विचारते, तिन्नावा?
जेवलास का, एवढाच त्याचा अर्थ.
पण विचारताना ती जवळ येते,
जरा जास्तच जवळ,
आणि श्वास घेते.
मी तोंड उघडून सावकाश उत्तर देतो.

एक गोष्ट शाळेत बोललो नाही अजून.
माझ्या घरची चूल
आजही कुणाच्या तरी व्यसनावरच पेटते.
तंबाखूची भुकटी भाकरीच्या पिठात, मानसाच्या दप्तरात,
भूदेवीच्या खोकल्यात.
कुठल्या तरी गावात कुणीतरी
तिची विडी ओठात धरून
उद्यापासून बंद, असं म्हणत असेल.
मी त्याला ओळखतो.
त्याचं नाव तेवढं माहीत नाही.

फेब्रुवारी संपत आलाय.
पत्रे आत्ताच दुपारी हात लावू देत नाहीत.
काल रात्री लाइट गेली, मागांचा आवाज थांबला,
अख्खी गल्ली एकदम बहिरी झाल्यासारखी.
मेणबत्तीशी भूदेवीनं भिजवलेली पानं ओढली,
पत्र्याचा फर्मा माझ्याकडे सरकवला,
आणि कात्री.

ही कात्री आठ महिने
ती उशाखाली घेऊन झोपायची.

मी पान कातरलं. दुसरं कातरलं.
ती एकेक उजेडाकडे धरून बघत होती,
कडा, शिरा,
कडेला माझा हात कुठे थरथरला ते.
चौथं तिनं बाजूला ठेवलं.
ही छाट, म्हणाली,
आणि पुढचं पान हातात दिलं.